अख्खा सीझन डाउनरिगर वापरल्यावर: काउंटरचा आकडा आणि ट्राउटची खरी खोली

बोटीला दोन डाउनरिगर (वजनाच्या जोरावर गळ खोल पाण्यात नेणारी चकरी) लावून आता अख्खा सीझन झाला, बर्फ वितळल्यानंतरच्या गार पाण्यापासून ते थंडी परत सुरू होईपर्यंत, आणि मोठ्या तळ्यावर भर उन्हाळ्यात ट्राउट पकडायचे असतील तर याच्याइतकी कामाची वस्तू मी दुसरी वापरलेली नाही. पण बॉल खाली सोडला आणि मासे लागायला लागले असं होत नाही. बहुतेक रिव्ह्यूमध्ये मोटर किती फास्ट, बूम (केबल बोटीपासून लांब धरणारा दांडा) किती लांब एवढंच असतं, रोजच्या वापरात काय होतं ते कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. बोटीच्या मागच्या बाजूला एक चकरी, तिच्यावर स्टीलची बारीक केबल, केबलच्या टोकाला साधारण ८ ते १२ पौंडाचं वजन, त्यालाच सगळे बॉल म्हणतात. गळाची लाइन एका क्लिपमध्ये अडकवायची, बॉल हव्या त्या खोलीवर न्यायचा आणि बोट हळूहळू चालवत राहायची. मासा लागला की लाइन क्लिपमधून सुटते आणि मग लाइनवर फक्त मासा असतो, वजनबिजन काही नाही. लेड कोअर लाइननेही (आत शिसं असलेली जड लाइन) खोल जाता येतं पण त्यात एवढी जड लाइन पाण्यात असते की दीड किलोचा रेनबो ट्राउट काय करतोय ते हाताला कळतच नाही, डाउनरिगरवर त्याची प्रत्येक उडी कळते.

आता खोली का महत्त्वाची ते. उन्हाळ्यात मोठ्या तळ्याचे थर पडतात, वर गरम पाणी, खाली गार, आणि मध्ये एक पट्टा जिथे थोड्याच फुटांत तापमान धाडकन उतरतं, तो थर्मोक्लाइन. रेनबोला साधारण १३ ते १६ डिग्री सेल्सिअस पाणी आवडतं, लेक ट्राउटला अजून गार, १० च्या आसपास. म्हणजे पृष्ठभागावर २२ डिग्री असेल तर वरवर स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) ओढत बसणं म्हणजे पेट्रोल जाळणं. आणि हा पट्टा एका जागी बसून राहत नाही हे फार लोक लक्षात घेत नाहीत. दोन-तीन दिवस एकाच दिशेने जोरात वारा वाहिला की गरम पाणी वाऱ्याबरोबर पलीकडच्या काठाला जाऊन साचतं आणि ज्या काठाकडून वारा येतो तिथे गार पाणी वर येतं, त्यामुळे गेल्या आठवड्यात ६० फुटांवर सापडलेलं तापमान आज एका काठाला ३५ वर आणि दुसऱ्या काठाला ८० वर असू शकतं. मी आता सकाळी पहिलं काम हेच करतो, बोट जवळजवळ थांबवून टेंपरेचर प्रोब सरळ खाली सोडतो आणि पट्टा कुठे आहे ते बघतो, त्यानंतरच रॉड हातात घेतो.

पट्टा सापडला तरी काउंटरवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काउंटर फक्त किती केबल बाहेर गेली ते मोजतो. बोट चालू असताना पाणी बॉलला मागे ढकलतं, केबल तिरकी होते. केबल ३० अंश तिरकी असेल तर १०० फूट सोडूनही बॉल ८७ फुटांच्या आसपासच असतो, आणि ४५ अंश झाली तर ७० फुटांवर. प्रत्यक्षात केबल पाण्यात सरळ रेषेत नसते, वाकते, त्यामुळे हा हिशोबही अंदाजाचाच, पण थर्मोक्लाइनचा पट्टा कधी कधी जेमतेम १५-२० फुटांचा असतो तेव्हा १३ फुटांचा फरक म्हणजे तुम्ही पट्ट्याच्या बाहेर. उपाय साधा आहे, जड बॉल घ्या. ८ पौंडावरून १२ वर गेल्यावर केबल डोळ्यांना दिसेल इतकी सरळ झाली आणि त्याच आकड्यावर मासे लागायचं प्रमाण लगेच वाढलं. फिशफाइंडरवर (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारा स्क्रीन) बॉलची रेघ दिसते ती खरी खोली, पण बॉल जास्त मागे गेला की तो ट्रान्सड्यूसरच्या (त्या लहरी सोडणारा बोटीखालचा सेन्सर) कोनाबाहेर जातो आणि रेघ गायब होते. रेघ गायब झाली की मी समजतो स्पीड जास्त झालाय.

स्पीडचंही तसंच. ट्राउटसाठी ताशी अडीच ते चार किलोमीटर, लेक ट्राउटला त्यातही हळू. जीपीएस बोटीचा स्पीड दाखवतो, खाली स्पूनचा नाही, आणि मोठ्या तळ्यात खालचा प्रवाह वेगळ्याच दिशेला असू शकतो, म्हणून एका दिशेला जाताना मासे लागतात आणि वळून परत येताना जीपीएसवर तोच स्पीड असूनही काहीच नाही, हे कितीतरी वेळा झालंय. अशा वेळी परतीच्या फेरीत केबलचा कोन बघा आणि जातानाचा कोन परत येईपर्यंत थ्रॉटल कमीजास्त करा. सरळ रेषेत चालवण्यापेक्षा नागमोडी चालवलेलं बरं, वळताना बाहेरच्या बाजूचा स्पून वेग घेतो, आतल्या बाजूचा मंदावून खाली बसतो, आणि बाहेरच्यावर मासा लागत असेल तर समजायचं की थोडं फास्ट जायला हवं.

सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते क्लिपबद्दल, कारण अख्ख्या सेटअपमधली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आणि सगळ्यात जास्त मासे वाचवणारी किंवा घालवणारीही तीच. मिशिगन लेकमध्ये १९६६ साली कोहो सॅमन मासे सोडले आणि नंतर डाउनरिगरची ही पद्धत अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या तळ्यांवर जोरात पसरली, तिथले मासे मोठे, आणि बाजारातल्या बऱ्याच क्लिप अजूनही तशाच मोठ्या माशांच्या हिशोबाने कडक असतात. अर्ध्या किलोचा ट्राउट लागला तर क्लिप सुटतच नाही, बिचारा मागे ओढला जातो आणि वर काही कळत नाही. म्हणून ताण कमी करता येईल अशीच क्लिप घ्या, आणि लाइन क्लिपच्या जबड्याच्या अगदी आत न खुपसता कडेला अडकवा. मग रील फिरवून रॉड चांगला कमानीसारखा वाकवून ठेवायचा. त्या वाकलेल्या टोकाकडे बघत राहायचं, स्पून नीट चालत असेल तर टोक एका लयीत थरथरतं, पानबिन अडकलं की थरथर बंद, छोटा मासा असेल तर दोन-तीन विस्कळीत झटके. आणि चांगला मासा लागला की रॉड एकदम सरळ उभा राहतो, लाइन क्षणभर ढिली पडते, तेव्हा रॉड ओढत बसू नका, भराभर रील फिरवा, लाइन ताणली की मासा तिथेच असतो. यासाठी रॉडही आठ-नऊ फुटांचा मऊ हवा, कडक रॉड ही ढील पटकन भरून काढत नाही.

बॉल आणि स्पूनमध्ये किती अंतर ठेवायचं हे खोलीवर आहे. खोल पाण्यात १५-२० फूट पुरतात. वसंतात मासे वर असतात, पाणी नितळ असतं, तेव्हा ८०-१०० फूट मागे सोडा, बोटीला मासे बुजतात.

मोटरवाला की हाताने फिरवायचा? माझ्याकडे एक-एक आहे. ५० फुटांपर्यंत हाताचा पुरतो, त्याच्या खाली १२ पौंड परत परत वर आणून खांदा जातो. मोटरवाला बॉल उचलताना बॅटरीतून भरपूर करंट घेतो, तेव्हा जाड वायर थेट बॅटरीपासून आणि मध्ये ब्रेकर, यात काटकसर नको. तक्रार एकच, मोटरवाल्याचा काउंटर सीझनच्या मध्यातच अडखळायला लागला, कंपनीला मेल केला, उत्तर यायला महिना लागला आणि तेही मॅन्युअल वाचा असं. शेवटी केबलवरच दर २५ फुटांवर रंगीत दोरा बांधला, तो काउंटरपेक्षा भरवशाचा निघाला.

मासे परत सोडत असाल तर एक विनंती. ट्राउट पोटातली हवा तोंडावाटे सोडू शकतो, त्यामुळे खोलवरून आला म्हणून मरतोच असं नाही, पण १० डिग्रीतून २२ डिग्रीत आणून त्याला दमवणं आणि वर फोटोसाठी धरून ठेवणं हे त्याला झेपत नाही. पृष्ठभाग २० डिग्रीच्या वर गेला की मी खाण्यापुरते ठेवतो आणि रॉड आवरतो.

आणि चकरीचा क्लच कधीच पूर्ण आवळू नका. बॉल तळाच्या खडकात अडकला तर केबल सरसर सुटायला हवी, नाहीतर केबल तुटेल किंवा बूम उखडेल, छोट्या बोटीत तर मागची बाजू पाण्याखाली जायची भीती. केबल कापायची वेळ आलीच तर पक्कड कायम हाताशी असू द्या.