थॉम्पसनचं दप्तर, ड्यूक विद्यापीठ: सवड काढून जाच

फोर्टमधल्या एका जाहिरात एजन्सीच्या स्टुडिओत मी 22 वर्षं पेस्टअप केलं, म्हणजे छपाईसाठी जाहिरातीचं पान हाताने जुळवलं. ब्रोमाइड, म्हणजे मजकुराचे फोटोकागद, कापायचे, रबर सोल्यूशनने चिकटवायचे, वर ट्रेसिंगचा फ्लॅप लावायचा. एजन्सीने ऑफिस हलवलं तेव्हा आमची सगळी आर्टवर्कं रद्दीवाल्याच्या टेम्पोत गेली, किलोच्या भावाने. तो टेम्पो अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून लेकीकडे नॉर्थ कॅरोलायनाला जायचं ठरलं तेव्हाच डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठातलं रुबेनस्टाइन ग्रंथालय बघायचं मनाशी पक्कं केलं होतं.

तिथल्या हार्टमन सेंटरमध्ये, म्हणजे जाहिरातींच्या इतिहासाच्या विभागात, जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात एजन्सीचं दप्तर, तिच्या जुन्या कागदपत्रांचा संग्रह आहे. एजन्सीचा जन्म 1864 चा, न्यूयॉर्कचा. 1929 मध्ये तिने मुंबईत ऑफिस थाटलं. आमच्या पिढीची एचटीए, हिंदुस्तान थॉम्पसन असोसिएट्स, ती हीच. 1987 मध्ये हे कागद ड्यूककडे आले. विलीनीकरणांत थॉम्पसन हे नावसुद्धा पाटीवरून गेलं, पण दप्तर शाबूत आहे.

आत जायला पैसे पडत नाहीत आणि तुम्ही प्राध्यापक असायचीही गरज नाही. ऑनलाइन नोंदणी करायची, फोटोचं ओळखपत्र न्यायचं, पर्स आणि पेन लॉकरमध्ये ठेवायचं. आत फक्त पेन्सिल चालते. बरेच खोके दुसरीकडे ठेवलेले असतात, त्यामुळे मागणी काही दिवस आधीच नोंदवा. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा, कागदांचा क्रम मोडायचा नाही.

छापून आलेली जाहिरात जुन्या मासिकातही सापडेल. ती ठरण्याआधी माणसं काय बोलली, ते फक्त अशा दप्तरात मिळतं. इथे 1920-30 च्या दशकांतल्या बैठकांची टाइप केलेली इतिवृत्तं आहेत. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन याच एजन्सीत नोकरीला होते. आणि हेलन लॅन्सडाउन! वुडबरी साबणाची ‘स्पर्श करावासा वाटेल अशी त्वचा’ ही 1911 ची गाजलेली जाहिरात या बाईची. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा अधिकार मिळाला 1920 मध्ये, त्याच्या नऊ वर्षं आधी ही बाई बायकांसाठी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहीत होती. मला भरून आलं.

एका प्रूफच्या, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतीच्या, कडेला पेन्सिलीने ओढलेला छोटा बाण दिसला, वरच्या दिशेने. ओळ जरा वर घ्या. असल्याच बाणांवरून मी ब्लेडच्या टोकाने ओळी सरकवत आले. तो कुणी काढला कोण जाणे, पण हात आमच्याच धंद्यातला. त्या फोल्डरवरून मला पुढे जाववेना.

जाणं जमत नसेल तर त्यांचा ‘ॲड ॲक्सेस’ हा ऑनलाइन संग्रह बघा. 1911 ते 1955 मधल्या 7,000 हून अधिक जाहिराती आहेत, घरबसल्या आणि फुकट. मात्र त्या अमेरिका-कॅनडातल्या. 1941 मध्ये आपल्या लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या, ती तिथे शोधू नका. उपयोजित कला शिकणाऱ्या मुलांनी एक रविवार तरी या संग्रहासाठी द्यावा. टाइप कसा बसवायचा, मोकळी जागा कुठे सोडायची, हे नुसतं बघूनही कळतं.

संध्याकाळी खोका परत द्यायला गेले. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, “उद्यासाठी बाजूला ठेवू का?”

मी म्हटलं, ठेव.