वासे 'बदलले', पण फक्त बिलात

कौलारू छपराच्या दुरुस्तीनंतर सुताराच्या बिलात लिहिलेलं असतं, बारा वासे बदलले. खालून पाहिलं तर सगळं लाकूड काळंभोर, चकचकीत. पुढच्या पावसात कौलांची एक ओळ दबते. वळचणीजवळ वाशाला पेचकस लावला की काळ्या ऑइलच्या पापुद्र्यातून तो दोन इंच आत जातो आणि बाहेर येतो भुसा आणि सरसाचा लगदा. वासा जुनाच. सडलेलं टोक खरवडून भरलेलं, वर ऑइल फासलेलं.

हे खपतं, कारण त्याच संध्याकाळी कौलं परत चढतात. "पाऊस येईल, झाकून घेऊ" म्हणत घाई केली जाते. कौलं उतरल्यावर प्रत्येक वाशाला खडूने नंबर घाला, फोटो काढा. परत चढवण्याआधी टोच्या घेऊन पुन्हा तपासा. भिंतीत शिरणारं टोक आधी बघा. गिलाव्यात गच्च बसलेल्या लाकडाला हवा लागत नाही, ओल तिथेच मुरते.

दुसरी चलाखी म्हणजे शेजारी ठोकलेली फळी. जोडवासा, म्हणजे जुन्या वाशाला बाजूने जोडलेला नवा तुकडा, देणं चुकीचं नाही. पण तो सडक्या भागापुरताच खिळ्यांनी ठोकला, तर भार पेलणार कशावर? आधी खाली टेकू द्यायचा, मग सडका भाग आणि त्यापुढचं दिसायला चांगलं लाकूडही फूटभर कापायचं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नवा तुकडा निरोगी लाकडावर किमान 3 फूट यावा. 12 मिमीचे बोल्ट आणि रुंद वायसर वापरून, बोल्ट एका रेषेत न घेता वरखाली घ्यावेत. एका रेषेतले बोल्ट लाकूड चिरतात.

मापातली चोरी सगळ्यात महागात पडते. 3 बाय 4 इंची, 10 फुटी वासा 0.83 घनफूट भरतो. आलेला माल अडीच बाय साडेतीन असेल, तर तो 0.61 घनफूटच. लाकूड चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी, आणि वाकण्याला होणारा विरोध तब्बल 44 टक्क्यांनी कमी. पैसे मात्र पूर्ण मापाचे. माल उतरताना टेप लावा. आधीच ऑइल लावून आणलेलं लाकूड परत पाठवा. त्याखाली गाभ्याबाहेरचं पांढरट, लवकर कीड लागणारं लाकूड लपतं.

"वाळवी आहे, औषध मारतो" असं सुतार म्हणाला, तर आधी लाकूड बघा. वाळवी मातीच्या नळ्या करते आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने पोखरते. तपकिरी, चौकोनी तुकडे पडत असतील तर ती बुरशी. औषधाने गेलेली ताकद परत येत नाही. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही, म्हणून तडकलेलं कौल किंवा सडलेला पन्हळीचा पत्रा आधी शोधायला हवा. पाणी कुठून येतं हे न विचारता दर सांगणाऱ्याला काम देऊच नका.

जुने तुकडे शेवटचा हिशोब होईपर्यंत हलवू देऊ नका. बारा वासे बदलले असतील, तर खडूच्या नंबरांसकट बारा जुने वासे अंगणात मोजता यायला हवेत. "जाळून टाकले" असं उत्तर आलं, तर उरलेली रक्कम थांबवा आणि कौलं पुन्हा उतरवायला लावा.