अर्धा दात आणि एमएलसी: आमच्या सरकारी कॅज्युअल्टीचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

रिव्ह्यू दवाखान्याचा आहे पण अर्धा पोलीस स्टेशनचाही होणार, कारण मारामारीत लागलं की ही दोन्ही काउंटर एकच समजायची, एकीकडचा कागद दुसरीकडे पोचल्याशिवाय काहीच हलत नाही. नाव कुणाचंच लिहीत नाही, केस चालू आहे.

झालं असं की गाडी लावायच्या जागेवरून आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलाशी वाद झाला आणि त्याने हातातलं हेल्मेट सरळ माझ्या तोंडावर मारलं. (डोकं वाचवायची वस्तू म्हणे.) वरचा समोरचा दात अर्धा तुटून खाली पडला, ओठ आतून फाटला. वहिनीने मोबाईलच्या टॉर्चमध्ये तो तुकडा शोधून रुमालात बांधून घेतला, तेव्हा वाटलं ही काय करत बसलीये, आता वाटतं तिच्या पाया पडावं.

आधी चौकी की आधी दवाखाना यावर खाली जमलेल्या सगळ्यांचं वेगवेगळं मत. आम्ही दवाखान्यात गेलो आणि तेच बरोबर. "पोलिसांची यादी (म्हणजे पोलिसांचं पत्र) आणा मग बघतो" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगून ठेवलंय की आधी उपचार, कागद नंतर. इथे तसं कुणी म्हणालं नाही, आत शिरल्या शिरल्या सिस्टरने तोंडात धरायला गॉज दिलं आणि खुर्ची दिली. एक स्टार तिथेच.

ड्युटीवरचे डॉक्टर अगदी तरुण, डोळे लाल झालेले, आमच्या आधी दोन अपघात आले होते. टाके छान घातले, तक्रार नाही. मग एमएलसीचं, म्हणजे पोलीस केस होऊ शकते अशा मेडिको-लीगल केसचं, रजिस्टर उघडलं. कुणी मारलं, कशाने, किती वाजता, आणि शरीरावरच्या ओळखीच्या दोन खुणा. एक तीळ गालावर मिळाला, दुसरी खूण काही सापडेना, शेवटी लहानपणी सायकलवरून पडले होते तो कोपरावरचा व्रण कामी आला. डाव्या अंगठ्याचा ठसा. एवढं लागलेलं असताना मला हसू आलं आणि ओठ परत दुखला.

आता खरी गोष्ट. त्या फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो, दुखापत साधी की गंभीर. डॉक्टरांनी ओठाचं लिहिलं, सीएलडब्ल्यू (म्हणजे मार लागून फाटलेली जखम), लांबी रुंदी मोजून, आणि साधी लिहायला पेन टेकवलं. तेव्हा मागून सिस्टर म्हणाल्या, "सर, दाताचं काय? डेंटलला विचारायला हवं ना?" त्यांनी पेन थांबवलं, दात बघितला, आणि "डेंटल ओपिनियन येईपर्यंत मत राखून" असं लिहिलं. बस, माझी अख्खी केस त्या एका वाक्यावर उभी आहे. सिस्टर तिथे नसत्या तर मी घरी जाऊन झोपले असते आणि मला कळलंही नसतं काय हुकलं ते.

कारण कायद्यात दात म्हणजे गंभीर. खरंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिलेत, डोळा कायमचा जाणं, कान जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, आणि त्याच यादीत हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं. ही यादी १८६० च्या आयपीसीतली, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतली, तशीच पुढे आली, फक्त वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजचं काम बंद ही अट होती ती पंधरा दिवसांवर आणली. गंमत म्हणजे दात तुटला तर गंभीर, पण दाताने चावलं तर ते घातक हत्यार नाही, असं २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने म्हटलंय. म्हणजे दात मार खायला मोठा, मारायला छोटा.

पोलीस स्टेशनला मात्र रात्री नुसतं एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर, भागवलं. ठाणे अंमलदार वाईट वागले नाहीत, पाणी विचारलं, पण मी दात म्हणाले तर ते म्हणाले "मॅडम, दाखल्यावर गंभीर आलं की बघू". कलमं लावली ११५(२), ३५२, ३५१(२) (मारहाण, अपमान, धमकी), म्हणजे आपलं आयपीसीतलं जुनं ३२३, ५०४, ५०६ हो, जिन्यातल्या भांडणाचं ठरलेलं त्रिकूट. अदखलपात्र, पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. वर "दोघांवर चॅप्टर केस करून टाकू का" हेही विचारून झालं. मार मी खाल्ला आणि शांततेचा बाँड मीही लिहून द्यायचा? त्याला मी नाही म्हणाले. पोलीस स्टेशनला दोन स्टार, पाण्याचे धरून.

सकाळी डेंटल ओपीडी. रांग लांब, बसायला जागा नाही, याचा अर्धा स्टार कापला. पण तिथल्या मॅडम एकदम पक्क्या. एक्स-रेत दात मुळापर्यंत चिरलेला निघाला, वहिनीच्या रुमालातला तुकडा त्यांनी जागेवर जुळवून बघितला, मग बाकीचे दात एकेक करून हलवून पाहिले आणि लिहिलं की हिरड्या निरोगी, शेजारचे दात घट्ट. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाल्या कोर्टात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की दात आधीच हलत होता का. मग रात्रीच्या राखून ठेवलेल्या मतावर "गंभीर" आलं. हे सर्टिफिकेट आम्हाला हातात दिलं नाही, पोलिसांकडेच गेलं, म्हणून एमएलसी नंबर आणि तारीख आम्ही मोबाईलमध्ये लिहून ठेवली होती, ती फार उपयोगी पडली. गालाचे फोटोही रोज काढत होतो कारण मुका मार पहिल्या दिवशी फारसा दिसतच नाही, मग काळानिळा, चारपाच दिवसांनी हिरवट आणि पुढे पिवळा पडतो.

पण सर्टिफिकेट पोचूनही चार चकरा झाल्या, "साहेब बंदोबस्ताला", "दाखला फाईलला लागलाय, बघतो". शेवटी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो, हे मला माहीतच नव्हतं. त्या वकीलबाईंनी एक अर्ज लिहून दिला आणि आठव्या दिवशी ११७(२) खाली, म्हणजे गंभीर दुखापतीच्या कलमाखाली, एफआयआर झाला, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. अटक वगैरे काही नाही हं, गुन्हा जामीनपात्र, मुलगा त्याच संध्याकाळी तेच हेल्मेट हातात घेऊन जिना चढताना भेटला. (ते हेल्मेट जप्त का नाही केलं हा प्रश्न मी तपासी हवालदारांना तीनदा विचारलाय.)

आता समाज काय म्हणतो ते पण सांगते, समाज म्हणजे आमची सोसायटी. एनसी होती तोवर सगळे म्हणत होते "फार लागलं हो तुला". एफआयआर झाल्यावर तेच लोक म्हणायला लागले "मुलाचं करिअर आहे, एका दातासाठी". त्याची आई घरी येऊन रडली, तिचं मला खरंच वाईट वाटलं, आणि दाताचा खर्च देतो म्हणाली. तो मुलगा स्वतः अजून आलेला नाही.

सेक्रेटरी काका तर तडजोडीचा कागद टाइप करूनच घेऊन आले, इथे सही कर, आपसात मिटलं, पोलिसांना देऊन टाकू. मी म्हटलं काका, साधी दुखापत असती तर मी मिटवू शकले असते, ही गंभीर आहे, यात मी मिटवते म्हटलं तरी कोर्टाची परवानगी लागते. काका कागद उलटसुलट करून बघत म्हणाले, मग कोर्टाला कोण विचारणार? म्हटलं त्या मुलालाच पाठवा, पण आधी एकदा वर आमच्याकडे.