विश्वकोश उघडावा की विकिपीडिया?

मुलाचा शाळेतला प्रकल्प असो, स्पर्धा परीक्षेची टिपणं असोत की दिवाळी अंकासाठीचा लेख, मराठीतून माहिती हवी असेल तर मोबाइलवर दोन ठिकाणं सहज आणि फुकट सापडतात. एक मराठी विश्वकोश, दुसरा विकिपीडिया. कुठला कधी उघडायचा, हे आधी ठरवलेलं बरं.

विकिपीडियावर किती विसंबायचं हे समजायला डिचोलीचं उदाहरण पुरेसं आहे. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक लेख आला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात गोव्यातल्या डिचोलीवरून युद्ध झालं आणि शेवटी तह झाला, अशी ती हकिकत. सुमारे साडेचार हजार शब्द, खाली ग्रंथांचे संदर्भ. दोन महिन्यांत त्याला 'चांगला लेख' हा दर्जाही मिळाला. असं युद्ध कधी झालंच नव्हतं! २०१२ च्या अखेरीस एका संपादकाने ते ग्रंथ शोधायला घेतले, तेव्हा अशी पुस्तकंच नसल्याचं उघड झालं आणि लेख काढला गेला. वाईट याचं वाटतं की १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. चौथीचं इतिहासाचं पुस्तक वाचलेल्या आपल्याकडच्या कुणीही तो लेख पाहिला असता, तर साम्राज्य कुठून आलं हे लगेच विचारलं असतं.

विश्वकोशात असं घडणं फार कठीण. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, मजकूर संपादकांच्या हातून गेलेला असतो. पण त्याचं वय विसरू नका. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. खंड अकारविल्हे असल्यामुळे 'अ'पासूनच्या नोंदी सर्वांत जुन्या. अमरावतीचा इतिहास तिथून जरूर घ्या, लोकसंख्या घेऊ नका.

भटकायचं असेल तर मात्र माझं मत विकिपीडियाला. मराठी विकिपीडियावर 'अविशिष्ट लेख' दाबा. कुठलं तरी गाव, कुठला तरी क्रिकेटपटू, कधी न ऐकलेलं वर्ष समोर येतं. इंग्रजीत एक खेळ आहे: लेखातल्या पहिल्या दुव्यावर टिचकी मारत राहायचं, बहुतेक वेळा तुम्ही तत्त्वज्ञानाच्या लेखापाशी पोचता. मुलांबरोबर खेळून पाहा, एक सुटीची दुपार आनंदात जाते. ही मजा मिळते कारण कुणीही येऊन लिहू शकतं, आणि डिचोलीचं युद्धही त्याच दारातून आत आलं.

म्हणून लिहून द्यायचं असेल तर जुना इतिहास, साहित्य, धर्म, विज्ञानाच्या मूळ संकल्पना यांसाठी आधी विश्वकोश. निवडणुका, खेळ, नवे जिल्हे यांसाठी विकिपीडियाच, कारण दुसरीकडे ते नसेलच. तिथे 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं वाक्य उचलू नका. 'इतिहास पहा' उघडून मजकूर कधी बदलला ते बघा, 'चर्चा' पानावर कुणी हरकत घेतली आहे का तेही वाचा. तळाशी दिलेल्या पुस्तकांपैकी निदान एक तरी ग्रंथालयाच्या यादीत सापडतं का, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. डिचोलीच्या लेखाला हे पाच वर्षं कुणी केलं नव्हतं.