‘सिटिझन केन’ (1941): थोर आहे, पण भिडत का नाही?

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’, म्हणजे केन या वृत्तपत्रसम्राटाची गोष्ट, पाहून ‘यात एवढं काय आहे?’ असं वाटलं, तर त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमा-मासिकाने दर दहा वर्षांनी घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात हा सिनेमा 1962 ते 2002 सलग पाच वेळा पहिला आला. ती कीर्ती ऐकून माणूस बसतो आणि 119 मिनिटांनी कोरडाच उठतो. याची काही कारणं सिनेमात आहेत, तर काही चक्क टीव्हीच्या सेटिंगमध्ये.

आधी टीव्ही. सिनेमाची चौकट 1.37:1, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीपेक्षा चौकोनी, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. त्या घालवायला चित्र ‘झूम’ केलं की वरचा-खालचा मिळून जवळपास पाव भाग कापला जातो. आणि नेमकी तिथेच या सिनेमाची छतं आहेत. एरवी सेटला छत नसायचं, कारण माइक आणि दिवे वर टांगायचे असत. इथे ताणलेल्या मलमलीची छतं केली आणि माइक त्यांच्या वर ठेवले. निवडणूक हरल्यावर केन आणि त्याचा मित्र लीलंड बोलतात तो प्रसंग तर फरशी खोदून, कॅमेरा जमिनीच्या पातळीला नेऊन घेतलाय. छत कापलं गेलं तर डोक्यावरचं ते ओझंच जातं.

टीव्हीची मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी) आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले कण पुसणारी) ही दोन्ही सेटिंग बंद करा. सुरुवातीच्या बातमीपटावरचे ओरखडे मुद्दाम पाडलेले आहेत, प्रिंट खराब नाही. चित्र फार ‘स्वच्छ’ केलं की काय होतं, ते 2001च्या डीव्हीडीत दिसलं: केनचा सहकारी बर्नस्टीन याच्या खिडकीबाहेरचा पाऊसच पुसला गेला होता. पुढच्या ब्लू-रेमध्ये तो परत आला.

हा बातमीपट बहुतेकांना पहिला धक्का देतो. साधारण नऊ-दहा मिनिटांत केनचं अख्खं आयुष्य भराभर सांगून टाकतात आणि नावं निसटली की पुढचा तासभर चाचपडावं लागतं. वेल्स रेडिओतून आलेला, त्यामुळे माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात. सबटायटल्स लावाच.

आता सिनेमाचा स्वतःचा दोष. केन मेल्यावर त्याची गोष्ट त्याचा पालक थॅचर याच्या आठवणींची वही आणि चार माणसं सांगतात. केनच्या आत आपण कधीच शिरत नाही. बरं, केनची माहिती गोळा करणाऱ्या ज्या पत्रकाराचं बोट धरून फिरायचं, त्याचा चेहराही कायम अंधारात. केनची दुसरी बायको, गायिका सुझन हिच्या ऑपेराची फजिती दोनदा दाखवलीय, आधी लीलंडच्या आणि मग तिच्या बाजूने. कल्पना चांगली आहे, पण इथे सिनेमा रेंगाळतो. हा थंडपणा खराच आहे, तो पाहणाऱ्याच्या अडाणीपणातून आलेला नाही.

पण बरेच जण चेहऱ्यावर भावना शोधत राहतात, आणि वेल्सने त्या अंतरात ठेवल्यात. केनच्या लहानपणीचा बर्फाचा प्रसंग घ्या. खिडकीबाहेर दूरवर पोरगा खेळतोय. आत पुढे टेबलाशी आई त्याला दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या कागदांवर सही करतेय. बाप मधल्यामध्ये अडकलाय. छायालेखक ग्रेग टोलंडने वाइड लेन्स, प्रखर दिवे आणि बारीक अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) वापरून हे सगळं एकाच वेळी स्पष्ट ठेवलं. बाप खिडकी बंद करतो, आई उठून ती पुन्हा उघडते. पहिल्यांदा बघताना बोलणाऱ्यांकडेच लक्ष जातं आणि खिडकीतला पोरगा सुटतो. तेवढाच तुकडा आवाज बंद करून पुन्हा पाहावा.

तरी सगळा सिनेमा पुन्हा पाहवत नसेल, तर केन आणि पहिली बायको एमिली यांच्या न्याहारीचे सहा तुकडे तरी पाहा. सगळे मिळून जेमतेम अडीच मिनिटं. संगीतकार बर्नर्ड हरमनचा वॉल्ट्झ (नाचाची धून) प्रत्येक तुकड्यात बदलत जातो. पहिल्यात दोघं अगदी जवळ, लाडीगोडी चाललेली. शेवटी दोघांच्या मध्ये लांबलचक टेबल, कुणी बोलत नाही, आणि एमिली नवऱ्याच्या प्रतिस्पर्ध्यांचं ‘क्रॉनिकल’ वर्तमानपत्र वाचत बसलेली.