जुन्या ‘मेक ६०० ज्युनिअर’वर बारा बोरची काडतुसे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॅप रेंजवर, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या छर्र्यांच्या बंदुकीने टिपण्याच्या मैदानावर, एका फेरीला २५ तबकड्या (क्ले) आणि तितकीच काडतुसे लागतात. रविवारी चार फेऱ्या झाल्या की शंभर रिकाम्या पुंगळ्या पायाशी पडलेल्या असतात आणि त्या कचऱ्यात टाकताना जिवावर येते. म्हणून गेल्या हिवाळ्यात, एका वृद्ध नेमबाजाच्या घरच्या सामानविक्रीतून, विस्कॉन्सिनच्या मेव्हिल गावी बनलेले ‘मेक ६०० ज्युनिअर’ हे काडतुसे भरण्याचे यंत्र मी ८५ डॉलरला घेतले. तेव्हापासून त्यावर सुमारे तीन हजार काडतुसे भरून झाली आहेत. (स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला येथे परवाना लागत नाही. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, हे तिकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

यंत्राविषयी तक्रार करायला फारशी जागा नाही. धातूचा हा सांगाडा माझ्यानंतरही टिकेल. एक हँडल आणि पाच टप्पे असा त्याचा मामला आहे: पुंगळी मूळ मापात आणून जुना प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) काढणे, नवा बसवणे, बंदुकीची दारू, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधले प्लास्टिकचे बूच) आणि छर्रे भरणे, तोंडाला घड्या पाडणे आणि शेवटी ते तोंड दाबून बंद करणे. एका वेळी एकच काडतूस तयार होते, त्यामुळे काम संथ चालते. पण नवख्याला आपण काय करतो आहोत हे पाहायला वेळ मिळतो, आणि मला तो हवाच होता.

मात्र जुने यंत्र घेताना आधीच्या मालकाने लावून ठेवलेली मापेही आपण घेत असतो, आणि माझा सगळा त्रास तिथूनच सुरू झाला. दारूच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने एका दारूचे नाव लिहिलेले होते आणि तळाशी बोटभर दारू शिल्लक होती. तिच्या संपर्काने प्लास्टिक आतून पिवळट पडले होते. ती दारू मी वापरली नाही. नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असले तरी मूळ डब्याबाहेरची दारू ही अनोळखीच समजावी लागते. ती नष्ट केली आणि बाटल्याही नव्या आणल्या.

दारूचे माप ठरवणारी छोटी धातूची नळी, म्हणजे बुशिंग, सरकत्या पट्टीत बसते. कोणत्या बुशिंगने किती ग्रेन दारू पडते याचा छापील तक्ता असतो, पण तो अंदाजापुरताच धरावा. हँडल किती जोरात आपटते आणि बाटली किती भरलेली आहे यानुसार आकडा हलतो. मी ६० डॉलरचा जुना दांडीचा तराजू घेतला, तो प्रमाण वजनांनी तपासला आणि बुशिंगमधून दहा वेळा दारू पाडून प्रत्येक वेळी तोलली. सरासरी तक्त्यापेक्षा एका ग्रेनहून जास्त फरकाने कमी भरली. एका पौंडाचे ७००० ग्रेन होतात हे लक्षात घेतले तर ग्रेनभर फरक क्षुल्लक वाटेल, पण एका काडतुसाच्या मापात तो नजरेआड करता येत नाही. छापील पुस्तकातील पुंगळी, प्रायमर, वॅड, दारू आणि छर्रे यांचा मेळ जसाच्या तसा पाळावा लागतो. त्यातले एक बदलून बाकीचे तेच ठेवणे धोक्याचे आहे.

दुसऱ्या महिन्यात माप चुकण्याचा धोका अनुभवासही आला. एकदा बार काढताना नेहमीचा आवाज न होता नुसतेच ‘फुस्स’ झाले आणि खांद्याला धक्काही लागला नाही. शेजारच्या नेमबाजाने हात वर करून मला थांबवले. बंदूक उघडून नळीतून पाहिले, तर पलीकडचा उजेड दिसेना. वॅड मध्येच अडकले होते. पुढचे काडतूस झाडले असते तर नळी फुटू शकली असती. पट्टी पूर्ण सरकली नसल्याने दारू अर्धवट पडली होती, आणि त्याला कारण माझी घाई होती. आता वॅड बसवण्यापूर्वी मी प्रत्येक पुंगळीत टॉर्चने डोकावतो.

तोंड मुडपण्याचा त्रास मात्र फुकटचा होता. आमच्या पुंगळ्या आठ घड्यांच्या आणि यंत्रावरचा ‘तारा’, म्हणजे तोंडाला घड्या पाडणारा भाग, सहा घड्यांचा. त्यामुळे मध्यभागी भोक राहून खिशात छर्रे सांडत होते. चार-पाच डॉलरचा प्लास्टिकचा तारा बदलताच प्रश्न मिटला. वॅडला वाट दाखवणाऱ्या बोटांसारख्या पाकळ्याही चिरलेल्या होत्या, त्याही बदलल्या.

बचतीचे म्हणाल तर छर्रेच सर्वांत महाग पडतात. २५ पौंडांच्या पिशवीत ४०० औंस असतात. म्हणून मी काडतुसात एक औंस छर्रे पाडणारी सरकती पट्टी घेतली आणि पिशवीमागे २५ काडतुसांची १६ खोकी निघू लागली. तरीही स्वस्तातल्या विकतच्या बारा बोरच्या तुलनेत खोक्यामागे फारसे काही वाचत नाही. खरा फायदा अठ्ठावीस बोरमध्ये आहे, कारण तिची काडतुसे दुकानात महाग मिळतात. शिवाय विषारी शिशाचे छर्रे हाताळत असल्याने गॅरेजमध्ये चहा बंद झाला आहे आणि प्रत्येक बैठकीनंतर साबणाने हात धुवावे लागतात, ही गैरसोयही धरावी.

यंत्र, तराजू, पट्टी आणि सुटे भाग मिळून १९० डॉलर गेले. त्याच रेंजवर अठ्ठावीस बोरचे एक जुने यंत्र विकायला आले आहे. पुढच्या रविवारी तराजू सोबत घेऊनच ते पाहायला जाणार आहे.