बँड उमटला म्हणून अँटीबॉडी खरी, असं नसतं

अँटीबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रथिन. वेस्टर्न ब्लॉटमध्ये जेलवर आकाराप्रमाणे वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवतात आणि अँटीबॉडीने शोधतात; सापडलं की तिथे पट्टा, म्हणजे बँड, उमटतो. बीटा-ॲक्टिन या प्रथिनाची अँटीबॉडी विकताना फसवणं सोपं आहे, कारण पेशीत ॲक्टिन चिक्कार असतं. लेनला (जेलच्या एका रांगेत) ३० मायक्रोग्रॅम लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) घाला, वर कडक ईसीएल (बँड चमकवणारं रसायन), मग दहापट पातळ केलेली अँटीबॉडीसुद्धा ४२ किलोडाल्टनला (ॲक्टिनच्या आकाराच्या जागी) ठसठशीत बँड देते. घेणारा खूश, बिल पास.

अशी कुपी ओळखू येते ती लेबलवरूनच. 'ॲक्टिन अँटीबॉडी, १०० मायक्रोलिटर' एवढंच लिहिलेलं. क्लोन (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींचा ठरावीक वंश) नाही, होस्ट (ती ज्या प्राण्यात बनवली तो) नाही, लॉट नंबर नाही, मिलीलिटरला किती मिलिग्रॅम तेही नाही. डेटाशीट मागितली तर येते, पण ब्लॉटचं चित्र दुसऱ्याच कंपनीच्या पानावरून उचललेलं. किंमत मात्र निम्मी.

आता हिशेब बघा. मिलीलिटरला १ मिलिग्रॅम असलेली कुपी १:५००० ला वापरली, तर १० मिली बफरला २ मायक्रोलिटर लागतं. १०० मायक्रोलिटरमध्ये ५० ब्लॉट. दहापट पातळ माल १:५०० ला वापरावा लागतो, म्हणजे ब्लॉटला २० मायक्रोलिटर आणि कुपीत जेमतेम ५ ब्लॉट. निम्म्या किमतीतली कुपी ब्लॉटमागे पाचपट महाग पडली.

कुपी आल्याच्या आठवड्यातच तपासा. हीला पेशींचं (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या पेशी) लायसेट २०, १०, ५ आणि २.५ मायक्रोग्रॅम असं घालून, लेबलवरच्या डायल्यूशनलाच ब्लॉट करा. २० ला बँड आणि ५ च्या खाली काहीच नाही, तर संशय घ्या. मेम्ब्रेनची एक पट्टी प्रायमरी (ॲक्टिनला चिकटणारी, म्हणजे विकत घेतलेली अँटीबॉडी) न घालता, नुसत्या सेकंडरीने (प्रायमरीला चिकटून खूण देणारी दुसरी अँटीबॉडी) करा. तिथेही बँड आला तर तो प्रायमरीचा नाही. मग लेबलप्रमाणे २ मायक्रोग्रॅम भरेल एवढी अँटीबॉडी रिड्युसिंग जेलवर (अँटीबॉडीच्या साखळ्या सुट्या करून) चालवा, शेजारच्या लेनला माहितीच्या प्रमाणातलं आयजीजी (शुद्ध अँटीबॉडी). कुमासीने (प्रथिनं रंगवणारा रंग) ५० आणि २५ ला, म्हणजे अँटीबॉडीच्या जड आणि हलक्या साखळ्यांचे, बँड दिसायला हवेत. ६६ च्या आसपास जाड ढेकूळ आणि हे दोन फिके असतील, तर कुपीत मुख्यतः बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) आहे. २८० नॅनोमीटरच्या रीडिंगवर (प्रकाश किती शोषला त्यावरून प्रथिन मोजणं) विसंबू नका, त्यात बीएसएही मोजलं जातं.

दुसरी लबाडी: सगळ्या ॲक्टिनना चिकटणारी अँटीबॉडी 'बीटा' म्हणून विकणं. अल्फा, बीटा, गामा तिघंही ४२ च्याच आसपास, त्यामुळे आकारावरून पत्ता लागत नाही. प्रौढ उंदराच्या सांगाड्याच्या स्नायूचं लायसेट हीलाशेजारी चालवा. त्या स्नायूत बीटा अगदी थोडं असतं. तरी तिथे हीलाइतकाच जाड बँड आला, तर माल बीटाचा नाही. (बीटा आणि गामा यांच्यात फक्त चार अमिनो आम्लांचा फरक, तोही एन-टोकाला, म्हणजे प्रथिनसाखळीच्या सुरुवातीला. एसी-१५ सारखा क्लोन बीटाचं तेच टोक ओळखतो, म्हणून क्लोनचं नाव विचारायचं.)

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'तुमचा ट्रान्सफर (जेलवरून मेम्ब्रेनवर प्रथिनं उतरवणं) बिघडला असेल.' म्हणून पॉन्सो एसने (मेम्ब्रेनवर उतरलेली प्रथिनं दाखवणारा रंग) रंगवलेल्या मेम्ब्रेनचा फोटो, जुन्या खात्रीच्या अँटीबॉडीने त्याच दिवशी केलेला ब्लॉट आणि पार्सल उघडतानाचा कुपीचा फोटो जपून ठेवा. ऑर्डरमध्येच क्लोन, लॉट आणि संहती लिहून घ्या, आणि 'तपासणीनंतर पेमेंट' ही अट टाका.